एका कॉम्प्युटरला तीन प्रिंटर: कुठला कागद कुठून निघणार हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लालबागला राहणाऱ्या एक ताई घरून मसाले आणि भाजणी विकतात, ऑर्डरी कुरिअरने जातात. घरात विंडोज ११ चा एकच कॉम्प्युटर. त्याला जुना कॅनन एलबीपी २९०० लेझर आहे, मुलीच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला एप्सन एल३२५० रंगीत आहे आणि आता पार्सलवर चिकटवायच्या लेबलांसाठी थर्मल प्रिंटर घ्यायचा आहे. शेजारच्या मुलाने सांगितलं की जास्त प्रिंटर जोडले की ते एकमेकांत अडकतात. आत्ता दोनातच घोळ होतोय, लेझरवर काढायचं बिल रंगीतमधून बाहेर येतं. मग तिसरा घ्यावा, की जुना लेझर विकून टाकावा?

ताई, तिसरा खुशाल घ्या. लेझर मात्र विकू नका, त्याचं कारण पुढे येईल.

परळ-दादर पट्ट्यात मी प्रिंटर दुरुस्तीची कामं करतो आणि हा प्रश्न दुकानांतून, घरांतून कायम येतो. प्रिंटर किती आहेत याचा विंडोजला काहीच त्रास नसतो. यूएसबीच्या एका कंट्रोलरवर १२७ उपकरणांना पत्ते देता येतात, तिथे तीन प्रिंटर म्हणजे किरकोळ. शेजारच्या मुलाने ऐकलेली गोष्ट जुन्या काळातली आहे. तेव्हा प्रिंटर पॅरलल पोर्टवर चालायचे, २५ पिनांचा तो रुंद पोर्ट कॉम्प्युटरला बहुधा एकच असायचा. दोन प्रिंटर लावायचे तर मध्ये डेटा स्विच नावाची पेटी बसवायची आणि हाताने खटका ए वरून बी वर फिरवायचा. खटका चुकीच्या बाजूला राहिला की लेझरसाठी पाठवलेला मजकूर डॉट मॅट्रिक्सवर जायचा आणि पानंच्या पानं अर्थहीन अक्षरं छापून निघायची. आता खटका हाताने फिरवावा लागत नाही, पण तो गेलेला नाही. तो विंडोजमध्ये आहे, आणि तुम्ही लक्ष दिलं नाहीत तर विंडोज तो आपल्या मनाने फिरवतं. तुमचं बिल रंगीतमधून निघतं ते त्यामुळेच.

म्हणून आधी कागदांची वाटणी करून घ्या, जोडणी नंतर.

कुरिअरचं लेबल थर्मलवर. त्यात शाई नाही, टोनर नाही. हेडमधले बारीक बिंदू तापतात आणि कागदावरचा थर तिथे काळा पडतो. पावसात पार्सल भिजलं तरी त्यावरची अक्षरं ओघळत नाहीत. रंगीत प्रिंटरच्या शाईचा पत्ता मात्र ओल्या हाताने पुसला तरी पसरतो, आणि जुलैतल्या मुंबईत डिलिव्हरीवाल्याचे हात कोरडे असतील असं धरून चालता येत नाही. वाचता न आलेलं पार्सल परत येतं, त्यात तुमचा मालही जातो आणि वेळही.

पण मसाल्याच्या पुडीवरचं लेबल, म्हणजे घटक, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर, बॅच, तारीख, एमआरपी असलेलं, ते थर्मलवर काढू नका. लेबल प्रिंटर घेतला की हा मोह प्रत्येकाला होतो. साधा थर्मल कागद ऊन, उष्णता आणि तेल यांनी खराब होतो. कुरिअरचं लेबल आठवडाभर वाचता आलं की त्याचं काम झालं. मसाल्याची पुडी गिऱ्हाईकाच्या स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या फळीवर, तेलकट हातात महिनोन्‌महिने राहते. त्यावरची तारीख पुसट होऊन चालणार नाही. ते लेबल लेझरवर काढायचं. लेझरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पूड, ती जवळपास २०० अंशांपर्यंत तापलेल्या फ्युजरमधून जाताना कागदावर वितळून बसते. पाण्याने पसरत नाही, तेलानेही सहज जात नाही. लेझर विकू नका म्हटलं ते यासाठी. फक्त स्टिकरचा कागद घेताना पाकिटावर लेझर लिहिलेलं बघून घ्या. इंकजेटचे स्टिकर लेझरमध्ये घातले तर गरमीने गोंद पाघळतो आणि फ्युजरच्या रोलरला चिकटतो, मग प्रत्येक पानावर त्याचा डाग येतो. अर्धवट सोललेली स्टिकरची शीटही पुन्हा घालू नका, उघड्या राहिलेल्या भागाचा गोंद आत लागतो.

रंगीत प्रिंटर मुलीच्या प्रोजेक्टला, फोटोला, आणि झेरॉक्स-स्कॅनला.

आता जोडणी. माझा सल्ला असा की लेझर आणि लेबल प्रिंटर यूएसबीवर ठेवा आणि रंगीत वायफायवर. लेझरच्या बाबतीत निवड करायला वावच नाही, एलबीपी २९०० ला यूएसबी सोडून दुसरं तोंड नाही. लेबल प्रिंटर वायफायचा मिळाला तरी मी केबलच लावायला सांगेन. ऑर्डरी पॅक करायला बसल्यावर लेबलं एकामागून एक पटापट निघायला हवीत, तिथे राउटरचा मूड सांभाळत बसण्यात अर्थ नाही. रंगीतला वायफाय अशासाठी की घरातल्या सगळ्यांना फोनवरून तोच हवा असतो.

यूएसबीची केबल ५ मीटरच्या वर नेऊ नका, दीड-दोन मीटरची सगळ्यात बरी. चाळीच्या खोलीत प्रिंटर पोटमाळ्यावर आणि कॉम्प्युटर खाली असला की लोक एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडतात, मग प्रिंट अर्ध्यात तुटते आणि दोष प्रिंटरला मिळतो. कॉम्प्युटरला यूएसबीची तोंडं कमी असतील तर हब, म्हणजे एका तोंडाची अनेक तोंडं करणारी पेटी, चालतो. प्रिंटर वीज आपल्या प्लगमधून घेतो, यूएसबीवरून फक्त माहिती जाते, त्यामुळे दोन प्रिंटरांसाठी अडॅप्टरवाला महागडा हब लागत नाही. त्याच हबवर हार्ड डिस्क मात्र लटकवू नका.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कुठला प्रिंटर कुठल्या तोंडात, हे एकदा ठरलं की बदलू नका. केबलच्या टोकाला आणि कॉम्प्युटरच्या तोंडाशी सारख्या रंगाची चिकटपट्टी लावा. काही प्रिंटर यूएसबीवर आपला सिरियल नंबर सांगतात, काही सांगत नाहीत. न सांगणारा प्रिंटर दुसऱ्या तोंडात घातला की विंडोज त्याला नवाच प्रिंटर समजतं आणि यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लिहून आणखी एक ओळ वाढवतं. साफसफाईत केबल काढल्या, परत घातल्या, की यादीत एकाचे दोन, दोनाचे चार होतात. जुनी ओळ तशीच राहते, तुम्ही सवयीने तीच निवडता आणि प्रिंटर समोर चालू असून स्क्रीनवर ऑफलाइन दिसतो. असं झालं तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, त्यात प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या यादीत तो प्रिंटर उघडा आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स ही पट्टी बघा. तिथे यूएसबी००१, यूएसबी००२ असे आभासी पोर्ट असतात आणि एकापुढे टिक असते. प्रिंटर आता यूएसबी००३ वर असेल आणि टिक ००१ वर असेल तर टिक हलवली की काम झालं. प्रिंटर काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याचा खटाटोप बहुतेक वेळा लागत नाही.

नवा प्रिंटर जोडायच्या आधी ही यादी साफ करा. ज्या ओळी वापरात नाहीत त्या रिमूव्ह करून टाका. मग एका वेळी एकच प्रिंटर: ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, सॉफ्टवेअर सांगेल तेव्हाच केबल लावा, टेस्ट पेज काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, पुन्हा टेस्ट पेज काढा, आणि मगच पुढचा. केबल आधी लावली तर विंडोज घाईने स्वतःकडचा कुठलातरी साधा ड्रायव्हर बसवतं आणि नंतर टाकलेला खरा ड्रायव्हर बाजूला पडून राहतो. तिन्ही एकदम जोडून तिन्ही सीडी एकामागून एक चालवल्या, अशा घरी गेलं की मला पहिला तासभर नुसतं निस्तरण्यात जातो.

प्रिंटर बसला की लगेच त्याचं नाव बदला. ‘लेझर काळा’, ‘रंगीत’, ‘कुरिअर लेबल’, देवनागरीत लिहिलं तरी विंडोज घेतं. एखादं जुनं सॉफ्टवेअर मराठी नावावर अडलं तर तीच नावं इंग्रजी अक्षरांत लिहा. कंपनीने दिलेली लांबलचक नावं प्रिंट काढताना घाईत वाचली जात नाहीत, पहिली दोन अक्षरं बघून माणूस क्लिक करतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, त्यात प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडा. खाली ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ असा एक खटका दिसेल. तो चालू असला की शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तोच विंडोज डिफॉल्ट, म्हणजे न सांगता निवडला जाणारा, करून टाकतं. रात्री मुलीने फुलपाखराचं चित्र रंगीतवर काढलं, सकाळी तुम्ही बिल काढलंत, तेही रंगीतवर गेलं. एक प्रिंटर असलेल्या घरात ही सोय ठीक आहे. दोन-तीन प्रिंटर असलेल्या घरात ती आधी बंद करा. मग यादीतला ‘लेझर काळा’ उघडा आणि सेट ॲज डिफॉल्ट दाबा. डिफॉल्ट नेहमी असा ठेवा की चुकून प्रिंट गेली तर कमीत कमी नुकसान होईल. लेझरचं एक काळं पान स्वस्त. लेबल प्रिंटर डिफॉल्ट असला आणि कोणी वीस पानांची पीडीएफ पाठवली तर पूर्ण रोल उलगडून जमिनीवर येतो.

एवढं करूनही एक जागा उरते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. क्रोममधून प्रिंट काढताना जी खिडकी येते ती विंडोजच्या डिफॉल्टकडे बघत नाही, आधीच्या वेळी क्रोममधून ज्या प्रिंटरवर छापलं तोच पुन्हा दाखवते. तुमची बिलं आणि लेबलं ब्राउझरमधून निघत असतील तर इथेही अदलाबदल होते. प्रिंट दाबायच्या आधी वर डेस्टिनेशनपुढचं नाव वाचायची सवय लावा. किंवा कंट्रोल आणि पी ऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबा, मग क्रोमची खिडकी न येता विंडोजची स्वतःची प्रिंटची खिडकी उघडते आणि तिथे सगळे प्रिंटर नावानिशी दिसतात. दोन ब्राउझर वापरायला जमत असेल तर आणखी सोपं. लेबलांसाठी एज, बाकी सगळ्यासाठी क्रोम. मी बऱ्याच जणांना हेच करून देतो आणि मग त्यांचा फोन येत नाही.

लेबल प्रिंटरची मापं नीट लावणं हे सगळ्यात जास्त लक्ष देण्याचं काम, तिथे घाई करू नका. कुरिअरचं लेबल साधारण ४ बाय ६ इंच, म्हणजे १०० बाय १५० मिलिमीटर. प्रिंटर आल्यावर लेबल प्रिंटरच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये जाऊन हे माप तिथे कायमचं लावा. नुसतं प्रिंटच्या खिडकीत लावलंत तर ते त्या वेळेपुरतं राहतं आणि दुसऱ्या दिवशी ए-४ परत येतं. घरात दोन जणांची वेगवेगळी लॉग-इन असतील तर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड पट्टीत प्रिंटिंग डिफॉल्ट्स आहे, तिथे लावलेलं माप सगळ्यांना लागू होतं. मग रोल घालून कॅलिब्रेशन करा. दोन लेबलांमधली फट प्रिंटरचा सेन्सर ओळखतो, त्याला ती एकदा शिकवावी लागते. बऱ्याच मॉडेलांत फीडचं बटण दाबून धरलं की तो दोन-तीन लेबलं पुढे ढकलून स्वतःच माप घेतो. हे केलं नाही तर छपाई दर लेबलाला थोडी थोडी खाली सरकत जाते आणि दहाव्या लेबलावर पत्ता फटीत पडतो.

बारकोडचंही बघा. हे प्रिंटर बहुधा २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरला आठ बिंदू. बारकोडची प्रत्येक रेघ पूर्ण बिंदूंच्या मापात बसली तर ती स्वच्छ येते. तुम्ही ‘फिट टू पेज’ ठेवलंत आणि लेबल ९३ टक्क्यांवर आलं, तर काही रेघा दोन बिंदूंच्या, काही तीन बिंदूंच्या होतात. डोळ्याला फरक दिसत नाही, स्कॅनरला मात्र ती रेघांची वाकडीतिकडी बेरीज वाचता येत नाही. म्हणून पीडीएफ छापताना ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा. ऑर्डरी किंवा कुरिअरच्या काही पोर्टलच्या पीडीएफमध्ये ए-४ पानावर वर लेबल आणि खाली बिल असं एकत्र येतं. तिथे पोर्टलच्या सेटिंगमध्ये लेबलाचं माप बदलायची सोय आहे का ते आधी शोधा. नसेल तर लेबलाचा भाग पीडीएफमध्ये क्रॉप करून लेबल प्रिंटरवर पाठवा आणि बिल वेगळं लेझरवर.

तुमचा धंदा मसाल्याचा म्हणून हेही सांगतो. लेबल प्रिंटर आणि पुड्या भरायची जागा एकाच टेबलावर ठेवू नका. तिखटाची आणि हळदीची पूड हवेत तरंगते, ती रोलमागोमाग आत जाते आणि थर्मल हेडवर चिकटून बसते. मग लेबलावर वरपासून खालपर्यंत एक पांढरी उभी रेघ येऊ लागते, नेमकी पिनकोडवरून जाणारी. रोल बदलताना प्रिंटर बंद करा, हेड निवू द्या, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेडच्या कडेवरून एका दिशेने हलका हात फिरवा. नखाने, सुरीने खरवडू नका, त्या कडेवर अगदी पातळ थर असतो आणि तो गेला की हेडच बदलावा लागतो. लेझरचंही तेच. कागद ओढणाऱ्या रोलरला मसाल्याची पूड लागली की रोलर घसरतो आणि लोकांना वाटतं प्रिंटर म्हातारा झाला. ओलसर कापडाने रोलर पुसला की कागद परत उचलू लागतो.

रंगीतसाठी एक युक्ती आहे आणि ती कमी जण वापरतात. एकाच प्रिंटरची यादीत दोन नावं ठेवता येतात. यादीत ॲड डिव्हाइस दाबून थोडं थांबलं की हाताने जोडायचा पर्याय येतो. तिथे मॅन्युअल सेटिंग्जवाला पर्याय निवडा, ‘यूज ॲन एक्झिस्टिंग पोर्ट’ मध्ये रंगीत प्रिंटर ज्या पोर्टवर आहे तोच पोर्ट द्या आणि आधीचाच ड्रायव्हर ठेवा. एकाचं नाव ‘रंगीत साधा’, त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये साधा कागद आणि कमी शाईची छपाई. दुसऱ्याचं ‘रंगीत फोटो’, त्यात ग्लॉसी कागद आणि उंची दर्जा. मुलीला नाव निवडलं की बास, आत जाऊन सेटिंग बदलावं लागत नाही. आणि फोटोचं सेटिंग चुकून तसंच राहून निबंधावर शाई ओतली जाण्याचा प्रकार थांबतो.

प्रिंटर पूलिंग नावाचा एक पर्याय पोर्टच्या पट्टीत खाली दिसेल, त्याला हात लावू नका. ते एकाच मॉडेलचे दोन-तीन प्रिंटर असलेल्या ऑफिससाठी आहे, जो रिकामा असेल त्यावर काम जातं. तुमचे तीन वेगळे प्रिंटर त्यात घातले तर कागदांची वाटणीच मोडेल.

वायफायवरचा प्रिंटर दर थोड्या दिवसांनी ऑफलाइन होतो ही तक्रार तुम्हाला पुढे येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. एल३२५० फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झचं त्याच्या यादीत येणारच नाही, दुसऱ्यावर जोडा. कॉम्प्युटर ५ वर असला तरी हरकत नाही, राउटर एकच असला म्हणजे झालं. ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर मात्र प्रिंटर जोडू नका, तिथे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था असते. खरी अडचण पत्त्याची असते. राउटर बंद होऊन चालू झाला की तो सगळ्यांना नव्याने आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे नंबर, वाटतो. काल प्रिंटर १९२.१६८.१.५ वर होता, आज ७ वर असेल, आणि कॉम्प्युटर अजून ५ चंच दार ठोठावत बसलेला असतो. यावर कायमचा इलाज राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (त्या उपकरणाचा स्वतःचा नंबर) घालून त्याचा आयपी बांधून टाका. इंटरनेटवाल्याचा माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून करून घेतलं तरी चालेल. त्यानंतर पोर्टच्या पट्टीत डब्ल्यूएसडी असं दिसत असेल तर त्याऐवजी स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवून तोच बांधलेला पत्ता द्या. डब्ल्यूएसडीत विंडोज प्रिंटरला दर वेळी शोधत बसतं, कधी सापडतो, कधी नाही. फोनवरून छापायला वेगळं काही लागत नाही, एकाच वायफायवर असलं की कंपनीच्या ॲपमधून निघतं. लेझरवर फोनमधून काही काढायचं असेल तर पीडीएफ व्हॉट्सॲप वेबवर स्वतःलाच पाठवा आणि कॉम्प्युटरवर उघडून छापा. त्या प्रिंटरला वायफायवर आणायचे जुगाड आहेत, पण त्याचं पान रचायचं सगळं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो, म्हणून बहुतेक प्रिंट सर्व्हरच्या पेट्या त्याच्याशी जमवून घेत नाहीत. त्यात पैसे घालू नका.

आता वीज. चाळीत हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे आणि याच्याबद्दल कोणी विचारत नाही. लालबाग-परळ-गिरगावच्या जुन्या खोल्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अशा बोर्डवर प्रिंटर लावला की त्याच्या सप्लायमधला फिल्टर थोडासा प्रवाह धातूच्या भागावर सोडतो आणि तो जमिनीत जायला वाट नसते. यूएसबीच्या धातूच्या टोकाला बोट लावलंत तर मुंग्या येतात, इलेक्ट्रिशियनचा टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. माणसाला त्याने बहुधा फक्त झिणझिण्या येतात, पण एक प्रिंटर, दुसरा प्रिंटर आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या बोर्डांवर असे तरंगत असतील आणि तुम्ही चालू वीजेत यूएसबी खुपसलीत, तर ठिणगी पडून कॉम्प्युटरचा पोर्ट किंवा प्रिंटरचं कार्ड जातं. प्रिंटर जितके जास्त, तितकी ही शक्यता वाढते. इलेक्ट्रिशियनला बोलावून एका तरी बोर्डला खरं अर्थिंग करून घ्या आणि कॉम्प्युटर व प्रिंटर त्या एकाच बोर्डवरून चालवा. केबल लावताना सगळं बंद ठेवा, आधी यूएसबी, मग वीज. ड्रायव्हर टाकताना कॉम्प्युटर चालू लागतो, तेव्हा निदान प्रिंटरचा प्लग काढून ठेवा. आणि तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या भोकात घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

लेझर यूपीएसवर लावू नका. फ्युजर तापतो तेव्हा काही क्षण तो खूप वीज ओढतो, घरातला दिवा किंचित मंद होतो तो त्याच वेळी. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देऊ शकतो. छपाई सुरू होताच तो टीं-टीं करून बंद पडतो आणि सोबत कॉम्प्युटरही. यूपीएसवर कॉम्प्युटर आणि राउटर, लेझर थेट भिंतीच्या सॉकेटवर, त्याच अर्थिंगच्या बोर्डवर.

कधीतरी एखादी प्रिंट अडकेल. तीन प्रिंटर असताना यात एक गोष्ट ध्यानात ठेवा: तिन्हींची कामं विंडोजमधली एकच सेवा सांभाळते, तिचं नाव प्रिंट स्पूलर. त्यामुळे रंगीतची एक फाइल बिघडली आणि स्पूलर थांबला तर लेझर आणि लेबलही थांबतात, आणि बिचारा लेझर काही दोष नसताना शिव्या खातो. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रिंट दाबू नका, रांग वाढत जाते आणि सुटली की सगळं एकदम छापलं जातं. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधून उघडा, प्रिंट स्पूलरवर उजवं क्लिक करून स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइली काढून टाका. फोल्डर काढायचा नाही, फक्त आतलं. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन स्टार्ट. बहुतेक वेळा इतक्याने सुटतं.

पावसाळ्यात कागद ओल धरतो. लेझरच्या पुढच्या ट्रेत कागद उघड्यावर पडून राहिला की कडा वळतात, मग दोन-तीन एकदम ओढले जातात. लागतील तेवढेच घाला, बाकीची रीम तिच्या वेष्टणात गुंडाळून कपाटात ठेवा. रंगीतचं उलट, तो पडून राहिला की शाई हेडमध्ये सुकते. मुलीला सुट्टी असली तरी आठवड्यातून एकदा एखादं रंगीत पान काढा. हेड क्लीनिंग दर वेळी चालवू नका, त्यात भरपूर शाई वाया जाते आणि वाया गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये साठत राहते. आधी नोझल चेक काढा, रेघा तुटक आल्या तरच क्लीनिंग.

जुन्या लेझरच्या ड्रायव्हरची फाइल आजच कॅननच्या साइटवरून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे की विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर देणं टप्प्याटप्प्याने बंद होत जाईल. कंपनीच्या साइटवरून घेतलेला ड्रायव्हर हाताने टाकता येतो, पण जुन्या मॉडेलांची पानं कंपन्या कधी काढतील याचा भरवसा नसतो. नव्या वायफायवाल्या प्रिंटरांना विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालून जातो, या लेझरला तो चालत नाही. आणि पुढे कधी लॅपटॉप घेतलात तर तो स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा नाही ना, हे घेण्याआधी विचारा. त्याला एआरएमसाठी बनवलेलाच ड्रायव्हर लागतो, या जुन्या लेझरचा नेहमीचा ड्रायव्हर त्यावर बसत नाही.

टोनरची काळजी करू नका. या लेझरचं ३०३ कार्ट्रिज आणि एचपीचं १२ए दिसायला-बसायला सारखंच, दुकानदार बहुधा एकाच खोक्यावर दोन्ही नंबर दाखवतात. लॅमिंग्टन रोडला तर कुठल्याही गाळ्यात मिळेल, रिफिलही होतं. लेबल प्रिंटर तिथूनच घेणार असाल तर दुकानातच तुमच्या एका खऱ्या ऑर्डरची पीडीएफ फोनवरून त्यांना देऊन लेबल काढायला सांगा आणि ते लेबल तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करून बघा. रोल आतल्या छोट्या कप्प्यात बसणारा आहे की मागे स्टँड लावावा लागतो, तेही बघून घ्या. चाळीतल्या टेबलावर त्या स्टँडला आणखी एक फूट जागा लागते.